डोळ्यांच्या उड्या आणि घरातला उजेड

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी लागतं. कापूस, सोयाबीन, तुरीचा हा काळ्या जमिनीचा मुलूख. अशा गावात दिवसभरात वाचन कुठे कुठे चालतं ते नुसतं बघत बसलं तरी पुष्कळ कळतं. सकाळी ओट्यावर पेपर. दुपारी शेताच्या बांधावर उभ्याउभ्या मोबाईल. दिवेलागणीला देवघरापुढे पोथी. रात्री सगळे झोपल्यावर, दिवा घालवून, अंथरुणात पुन्हा मोबाईल. डोळे तेच असतात, पण या चारही जागी उजेड चार तऱ्हांचा असतो, आणि डोळ्याला दर वेळी वेगळं काम पडतं.

घरोघरी यावर एकच निदान ऐकू येतं : मोबाईलनं डोळे खराब होतात. ते खोटं आहे असं नाही, पण त्यानं हाती काही लागत नाही. पोराच्या हातून मोबाईल काढून घेतला आणि त्याला पंख्याच्या सावलीत, मिणमिणत्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसवलं, तर त्याचे डोळे तितकेच शिणतात. मग दोष वाचनाच्या कंटाळ्याला लागतो. म्हणून आधी डोळा वाचताना नेमकं काय करतो ते बघायला हवं.

त्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. वर्तमानपत्राच्या पानाला मधोमध पेन्सिलीनं बारीक भोक पाडा. पान समोरच्याला वाचायला द्या आणि पाठीमागून त्या भोकाला डोळा लावून त्याच्या डोळ्यांकडे बघा. आपल्याला वाटत असतं की नजर ओळीवरून पाण्यासारखी सरकत जाते. तसं काही दिसणार नाही. बुबुळ एकदम पुढे उडी मारतं, थांबतं, पुन्हा उडी मारतं, पुन्हा थांबतं. ओळ संपली की एक लांब उडी मागे, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. मध्येच एखादी छोटी उडी उलट दिशेनं, निसटलेला शब्द पुन्हा बघायला.

हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं ते पॅरिसमध्ये, 1879 च्या सुमारास. एमिल जावाल हे तिथले नेत्रवैद्य. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या लामार यांनी वाचणाऱ्याच्या पापणीला आवाज टिपणारं साधन लावून प्रत्येक उडीचा आवाज ऐकला आणि ओळीत किती उड्या होतात ते मोजलं. या उडीला आज शास्त्रात सॅकेड म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ हिसका. जावाल यांना काचबिंदू झाला आणि 1900 साली त्यांची दृष्टी पूर्ण गेली. वाचनाच्या शरीरशास्त्रावरचं त्यांचं मोठं पुस्तक 1905 साली निघालं, म्हणजे ते स्वतः एक अक्षरही वाचू शकत नव्हते तेव्हा. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी तर डोळ्यावर प्लास्टरची पातळ वाटी बसवली, तिला हलका काटा जोडला आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर डोळ्याकडूनच रेघ काढून घेतली. वाटी बसवण्याआधी डोळा बधिर करावा लागे. एवढा खटाटोप त्या माणसांनी वाचन म्हणजे काय, एवढंच समजून घेण्यासाठी केला.

पुढे शंभर वर्षांत आकडे हाती आले. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा. एक उडी सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाची. इंग्रजी वाचताना एका उडीत सात ते नऊ अक्षरं ओलांडली जातात, आणि दर शंभर उड्यांतल्या दहा-पंधरा मागे असतात. तासभर वाचलं तर उड्यांची संख्या दहा-बारा हजारांच्या घरात जाते. उडी चालू असताना आपल्याला काही दिसत नाही. मेंदू तेवढ्यापुरतं दृश्य दाबून ठेवतो. वाचन होतं ते थांब्यावर.

आता मुद्द्याची गोष्ट. थांब्यावरही सगळी ओळ स्पष्ट दिसत नसते. हात लांब करून अंगठ्याचं नख जेवढं दिसतं तेवढाच डोळ्याचा खरा तीक्ष्ण भाग. पुस्तक हातभर अंतरावर असेल तर पानावर तो जेमतेम दीड सेंटिमीटर भरतो. त्याच्या कडेचं धूसर दिसतं. पण पुढची उडी कुठे टाकायची हे डोळा त्या धूसर कडेवरूनच ठरवतो. पुढे शब्द केवढा आहे, मोकळी जागा कुठे आहे, अक्षरांची ठेवण ओळखीची आहे का, हे तो कडेच्या नजरेनं आधीच चाचपून ठेवतो. 1975 साली जॉर्ज मॅककॉन्की आणि कीथ रेनर यांनी संगणकाच्या पडद्यावर वाचणाऱ्याच्या नजरेबरोबर सरकणारी एक खिडकी तयार केली. खिडकीबाहेरची अक्षरं बिघडवलेली. त्यातून आणि पुढच्या अशाच प्रयोगांतून कळलं की इंग्रजी वाचक नजरेच्या डाव्या बाजूची तीन-चार आणि उजव्या बाजूची चौदा-पंधरा अक्षरं वापरतो. हिब्रू वाचणाऱ्यांत हीच खिडकी डावीकडे झुकते, कारण ती लिपी उजवीकडून डावीकडे चालते.

कडेची नजर मुळातच अधू. उजेड बिघडला, अक्षर फिकं पडलं की आधी तिची पंचाईत होते. मधलं अक्षर अजून दिसत असतं, म्हणून आपण म्हणतो, ‘दिसतंय की.’ पण पुढचं चाचपणं बंद झालेलं असतं. मग उड्या आखूड होतात, थांबे लांबतात, मागे जाणं वाढतं. तेच पान वाचायला डोळ्याला जास्त खेपा घालाव्या लागतात. शीण येतो तो या खेपांचा.

बांधावरचा मोबाईल घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात उभं राहून आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर करायची पद्धत आली. गट नंबर, क्षेत्र, पिकाचं नाव, सिंचनाचं साधन, सगळं भर उन्हात वाचायचं. पडद्याची चमक ‘निट’ या एककात मोजतात. साध्या मोबाईलचा पडदा पूर्ण ब्राइटनेसवर चारशे-पाचशे निट देतो. उघड्या आकाशाची चमक काही हजार निट असते, आणि मोबाईलची काच त्यातला साधारण चार टक्के भाग आरशासारखा परत फेकते. म्हणजे पडद्यावर सगळीकडे दोन-तीनशे निटांचा एक पांढुरका थर चढतो. पांढऱ्यावरही चढतो आणि काळ्यावरही. घरात जे अक्षर कोळशासारखं काळं होतं ते शेतात राखाडी होतं. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन लेग यांनी 1985 पासून वाचन आणि अक्षराचा उठाव, म्हणजे पार्श्वभूमीवर ते किती ठळक दिसतं, यांवर एकामागून एक प्रयोग केले. त्यांना आढळलं की अक्षर पुरेसं मोठं असेल तर उठाव बराच कमी झाला तरी वाचनाचा वेग टिकतो, अगदी दहाव्या हिश्शापर्यंत. अक्षर बारीक असेल तर मात्र वेग फार आधीच कोसळतो. उन्हात राखाडी झालेलं बारीक अक्षर म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

आणि आपली लिपी देवनागरी. इंग्रजी अक्षर मुख्यतः एका पट्ट्यात बसतं. आपलं अक्षर तीन मजल्यांत राहतं : शिरोरेघेच्या वर वेलांटीचा फाटा, मात्रा, अनुस्वार, रफार, मध्ये अक्षराचा देह, खाली उकार, ऋकार. तेवढ्याच उंचीत तीन मजले बसवायचे म्हटल्यावर प्रत्येक मजला बुटका होतो. ‘खत’ आणि ‘खंत’ यांत एका टिंबाचा फरक आहे. उन्हात आधी टिंब जातं. वाक्याच्या संदर्भानं आपण ते भरून काढतो खरे, पण ते भरून काढताना डोळा एकदा मागे जाऊन आलेला असतो.

मराठीची आणखी एक गोष्ट आहे, जी इंग्रजी वाचकांवरचे आकडे वाचताना विसरता येत नाही. इंग्रजीत बारीकसारीक शब्द फार, आणि डोळा त्यांवरून न थांबता उडी मारून जातो. हिंदीतही को, से, ने, में हे सुटे असतात. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो. ‘शेतकऱ्यांच्यासुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द आहे. हिंदी वाचकांच्या नजरेची एक मोठी नोंद अलाहाबाद विद्यापीठात झाली होती. 30 वाचक, 153 वाक्यं, आणि निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. शब्दात जितकी अक्षरं जास्त, तितका थांबा लांब, असं तिथे दिसलं. मग लांबलांब शब्दांच्या मराठीला चांगल्या उजेडाची आणि मोठ्या अक्षराची गरज जास्त आहे, असा माझा त्यावरून तर्क आहे. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर तर असा एक शब्द अर्धी ओळ अडवतो. मग पुढची ओळ, पुन्हा मागे लांब उडी.

रात्रीचं दुखणं उन्हातल्या दुखण्याच्या उलट. खोलीत अंधार, आणि हातात एवढासा उजेड. अंधारात बाहुली रुंदावते. लख्ख उजेडात ती दोन मिलिमीटरची असते, गडद अंधारात सात-आठपर्यंत जाते. कॅमेऱ्याशी खेळलेल्यांना पुढचं सांगायला नको : छिद्र मोठं झालं की चित्राची धार कमी होते. म्हणूनच काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, ज्याला सगळे डार्क मोड म्हणतात, ती डोळ्याला आरामाची वाटली तरी बारीक मजकूर वाचायला कच्ची पडतात. जर्मनीत अ‍ॅक्सेल बुखनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वारंवार तपासलं. पांढऱ्यावर काळं असेल तर पडद्याचा एकूण उजेड जास्त, त्यामुळे बाहुली लहान, त्यामुळे अक्षराची कड साफ. तरुणांत हे दिसलं आणि वयस्कांतही. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात, ती याच कारणानं. यावर उपाय डार्क मोडचा नाही, खोलीतला दिवा लावण्याचा आहे. दिवा लावा आणि मग पडद्याचा ब्राइटनेस कमी करा, शेजारी ठेवलेल्या कागदाइतकाच उजळ दिसेल इतपत. निळ्या प्रकाशाच्या चष्म्यांवर पैसे घालवू नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2023 सालच्या आढाव्यात, डोळ्यांचा ताण कमी करायला त्यांचा बहुधा काही उपयोग नाही, असंच निघालं.

इथे मला पोथीची आठवण होते. आडवं पान, ठळक, थोराड अक्षरं, दोन ओळींत ऐसपैस जागा. हे छापणाऱ्यांना उजेडाचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. पण पोथी समईपुढे, चिमणीच्या उजेडात, साठी उलटलेल्या डोळ्यांनी वाचली जाणार हे त्यांना ठाऊक होतं. साठाव्या वर्षी डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. भिंग पिवळं पडतं, बाहुली आकसते. आज आपण त्याच वयाच्या माणसाच्या हाती बारीक अक्षरांचा मोबाईल देतो आणि सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करून द्यायचं राहून जातं. दोन मिनिटांचं काम असतं.

लुकलुकणाऱ्या उजेडाकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतो, त्यामुळे जुन्या चोक-स्टार्टरची ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते दिसत नाही, पण डोळ्याच्या हालचालींवर त्याची खूण उमटते. केंब्रिजच्या अर्नोल्ड विल्किन्स यांनी 1986 साली दाखवलं की लुकलुकत्या पडद्यावर आणि साध्या ट्यूबच्या उजेडात वाचताना डोळ्यांच्या उड्यांची लांबी बदलते. डंडी विद्यापीठातल्या अ‍ॅलन केनेडी आणि वेन मरे यांना 1990 नंतर अधिक नेमकी गोष्ट सापडली : लुकलुकण्यामुळे काही उड्या वेळेआधीच सुटतात, ठरलेल्या जागेच्या अलीकडे पडतात, आणि मग एक जादा छोटी उडी मारून डोळ्याला दुरुस्ती करावी लागते. विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कचेरीत जुने चोक काढून वेगानं चालणारे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले, तेव्हा डोकेदुखी आणि डोळे दुखण्याच्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. कर्मचाऱ्यांना बदल कधी झाला ते सांगितलेलं नव्हतं.

आता ट्यूब गेल्या, एलईडी आले. 2015 पासून उजाला योजनेनं ते खेड्यापाड्यांत पोचवले आणि विजेची मोठी बचत झाली. पण एलईडीचा स्थिरपणा त्याच्या आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या भागावर, असतो. स्वस्तातल्या बल्बमध्ये तो नावापुरता असला तर बल्ब जुन्या ट्यूबपेक्षाही जास्त लुकलुकतो, कारण एलईडी विझायला क्षणही घेत नाही. तपासणी घरी करता येते. रात्री तो एकच दिवा लावा आणि एक पांढरी काडी डोळ्यांसमोर झर्रकन हलवा. सलग धूसर पंखा दिसला तर दिवा ठीक आहे. वेगवेगळ्या अनेक काड्या दिसल्या तर तो लुकलुकतो. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तरी कळतं. तो बल्ब फेकून देऊ नका, गोठ्यात किंवा न्हाणीत लावा. अभ्यासाच्या जागी नको.

आणि पंखा. परभणीच्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसणं होत नाही. खोलीचा एकुलता दिवा भिंतीवर उंच, पंख्याच्या पात्यांच्याही वर, आणि पोर खाली चटईवर वही उघडून बसलेलं, असं दृश्य मी कितीतरी घरांत बघितलंय. वहीवरून पात्यांची सावली सतत फिरत असते. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेरे घेत असेल तर सावली सेकंदाला 15 वेळा पानावरून जाते. हे लुकलुकणं नुसतं जाणवत नाही, उघड दिसतं, आणि माणसाला सर्वांत त्रासदायक वाटणाऱ्या टापूत ते येतं. त्यात पंख्याचा झोत थेट तोंडावर. एरवी आपण मिनिटाला वीसेक वेळा पापण्या मिटतो. जपानी नेत्रतज्ज्ञ काझुओ त्सुबोता यांनी 1993 साली मोजलं तेव्हा निवांत बसलेल्यांत ते प्रमाण 22 निघालं, पुस्तक वाचताना 10, संगणकाच्या पडद्यापुढे 7. पापणी मिटली नाही की डोळ्यावरचा पाण्याचा थर सुकतो, आणि सुकलेल्या थरातून अक्षर पुसट दिसतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे फार लवकर होतं. पोर डोळे चोळतं आणि घरचे म्हणतात, याला झोप आली. दिवा पात्यांच्या खाली घ्या, डाव्या खांद्याच्या बाजूला. डावखुऱ्या मुलासाठी उजव्या. तेवढ्यानं सावलीही जाते.

कागद बरा की पडदा, हा वाद मी थोडक्यातच आवरतो. 1987 साली आयबीएमच्या जॉन गोल्ड आणि मंडळींनी दाखवलं की पडद्यावरची अक्षरं रेखीव असली, पांढऱ्यावर काळी असली, तर वेगाच्या बाबतीत पडदा कागदाची बरोबरी करतो. आजचे पडदे त्याहून कितीतरी चांगले आहेत. पण 2018 साली 54 अभ्यास आणि 1 लाख 70 हजारांहून जास्त वाचक एकत्र धरून केलेल्या पाहणीत, माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं निघालं. ‘ते वाक्य डाव्या पानावर खाली होतं’ ही आठवण कागद देतो. बोटानं वर सरकवलेल्या मजकुराला जागाच राहत नाही. धडा समजून घ्यायचा असेल तर पुस्तक, हे माझं मत आहे.

शेवटी एक विनंती, ती शिक्षकांना आणि शिकवणीचे गट चालवणाऱ्यांना. वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची पद्धत गावोगाव पडली आहे. खोलीत, दिव्याखाली काढलेल्या त्या फोटोत कागद राखाडी असतो, शाई त्याहून थोडी गडद राखाडी, एका कोपऱ्यावर काढणाऱ्याच्या हाताची सावली. अख्खं पान पाच इंची पडद्यावर मावलं की अक्षर मिलिमीटरभर उरतं, आणि असा फोटो रात्री दिवा घालवून वाचला जातो. पान खिडकीपाशी न्या, दिवसाउजेडी फोटो काढा, अर्ध्या-अर्ध्या पानाचे दोन फोटो पाठवा. निळ्या किंवा काळ्या शाईनं लिहा, पेन्सिलीनं नको. आणि खाली एक ओळ टाका : खोलीतला दिवा लावून वाचा.